देवळात घुसलेला राजा

माझा राग अजून गेलेला नाही, हे आधीच सांगून टाकतो. म्हणजे मग शेवटी येऊन कोणी "जाऊ दे रे, झालं गेलं" असं म्हणायला नको. बांध वीतभर सरकला तर कोकणातला माणूस तीन पिढ्या बोलत नाही. माझी तर अख्खी गोष्ट गेली.

इंग्रज गेले, पण जाताना त्यांचं थोडं इंग्रजी अंधेरीत विसरून गेले. ते आमच्या कॉलेजच्या दुसऱ्या मजल्यावर, इंग्रजी विभागात ठेवलेलं होतं, आणि त्याची राखण विभागप्रमुख करायचे. त्यांना नुसतं 'सर' म्हणतो. सर विलायतेला वर्षभर राहून आले होते, त्यात जाता-येताचा बोटीचा प्रवास धरलेला. पण तेवढ्यात त्यांचा आवाज जो नाकात गेला तो परत खाली उतरलाच नाही. प्रत्येक वाक्याला शेपूट, "यू सी?" आणि त्या 'यू सी'बरोबर चष्मा काढून, त्याची काडी हनुवटीवर दोनदा आपटायची. टक, टक. मी ही नक्कल अशी करायचो की कॅन्टीनचा पोऱ्या चहा ठेवून उभाच राहायचा.

मी मालवणाकडच्या शाळेत शिकलेला. आमच्या मास्तरांनी इंग्रजी जन्मात ऐकलं नव्हतं, नुसतं वाचलं होतं. त्यांचा नियम एकच. पुस्तकात जेवढी अक्षरं छापलीत तेवढी सगळी म्हणायची. "छापणाऱ्याने शाई घातलीय मेल्यांनो, फुकट का घालवता?" असं म्हणायचे. त्यामुळे आमच्या शाळेत बेटाला 'इसलंड' म्हणत आणि फौजेतल्या कर्नलसाहेबाला 'कोलोनेल'. आम्हाला ते झकास वाटायचं.

एम.ए.च्या पहिल्याच आठवड्यात सरांनी मला उतारा वाचायला उभं केलं. मी खणखणीत आवाजात म्हटलं, "इसलंड."

"व्हॉट लँड?"

"इसलंड, सर."

सर खिडकीपाशी गेले आणि बाहेर पाहायला लागले. "कुठल्या समुद्रात आहे हो हे? मला बोटीतून नाही दिसलं."

वर्ग हसला. मीही हसलो, कारण विनोद चांगला होता. पण पुढच्याच ओळीत तो फौजेतला साहेब आला आणि माझी वाट लागली. त्या दिवसापासून मी 'कोलोनेल' झालो. "कोलोनेल, खिडकी लावा." "कोलोनेल, तुमच्या बेटावर पावसाळा संपला का?" मला खरं नाव आहे हे विभागात कोणाला आठवत नव्हतं.

मी मामाकडे राहायचो, अंधेरी पूर्वेला. मामा सुतार, सिनेमाच्या स्टुडिओत. दिवसभर फळकुटांचे राजवाडे उभे करायचा आणि संध्याकाळी आमच्या दहा बाय दहाच्या खोलीत येऊन पाय पसरायला जागा शोधायचा. मी त्याला सरांची नक्कल करून दाखवली की तो म्हणायचा, "झिला, ह्या माणसाक पडसा झालाहा. सुंठ घाल म्हणावा." त्याच्या हसण्यावर माझं अपमान सहन करण्याचं खातं चालायचं.

सरांनी विभागात एक लेखन-मंडळ काढलं होतं. शनिवारी दुपारी आम्ही आठ-दहाजण इंग्रजीत लिहिलेलं वाचून दाखवायचो. बाकीचे धुक्याबद्दल लिहायचे. अंधेरीत धुकं कुठलं? बोरिवलीच्या डोंगराकडे हिवाळ्यात पहाटे काय थोडंसं दिसायचं तेवढंच. पण सगळ्यांच्या गोष्टीत धुकं, शेकोटी आणि एक म्हातारी मिस. मी म्हटलं, आपण आपलं लिहू. आणि मी गाऱ्हाण्याची गोष्ट लिहिली.

गाऱ्हाणं म्हणजे काय ते ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगतो. आमच्याकडे माणूस अडला की ग्रामदेवतेच्या देवळात जातो. गावकार, म्हणजे गावचा मानकरी, हात जोडून देवाला त्याची अडचण मोठ्याने ऐकवतो. प्रत्येक वाक्यानंतर जमलेले सगळे एका आवाजात म्हणतात, "व्हय म्हाराजा!" म्हाराजा म्हणजे देव. दुसरा कोण?

माझ्या गोष्टीत एका म्हाताऱ्याचं फणसाचं झाड शेजाऱ्याने बांध सरकवून आपल्यात घेतलेलं असतं. म्हातारा देवळात गाऱ्हाणं घालतो. नाव घ्यायचं नाही अशी रीत आहे, म्हणून गावकार म्हणतो, 'जो कोणी असेल त्याच्या घशाखाली फणसाचा गरा उतरू देऊ नको.' गर्दीत तो शेजारी उभा असतो. सगळे "व्हय म्हाराजा" म्हणतात, आणि त्यालाही म्हणावंच लागतं. गप्प राहिला तर गाव ओळखणार. म्हटलं तर शाप स्वतःच्याच तोंडाने स्वतःवर. तो म्हणतो. गोष्ट संपते. एवढीच.

मंडळात मी ती वाचली. गाऱ्हाण्याला मी 'कम्प्लेंट' शब्द घातला होता.

"कम्प्लेंट? पोटाची का, कोलोनेल?" सरांनी विचारलं. टक, टक. "चारचौघांत जुलाबाचं काय सांगायचं, यू सी?"

सगळे हसले. दहिसरचा माझा दोस्त तेवढा हसला नाही. तो आमच्या विभागाच्या वार्षिक अंकाचं काम बघायचा, आणि तोच मला चहा पाजायचा. बाहेर आल्यावर म्हणाला, "साल्या, शेवट भारी आहे तुझा. अंगावर काटा आला."

शेवटी सरांनी सगळ्यांचे कागद परत दिले, माझे ठेवून घेतले. "इट नीड्स पॉलिश. माझ्याकडे राहू द्या." मी खूष झालो. नक्कल ठेवायची असते, दुसरी प्रत करायची असते, हे मला कोणी शिकवलं नव्हतं. मला नक्कल म्हटली की दुसरीच नक्कल यायची.

त्यानंतर महिना-दीड महिना सर माझ्याशी गोड वागायला लागले. जिन्यात थांबवून विचारायचे, "कोलोनेल, तुमच्याकडे फणस कोणत्या महिन्यात पिकतो?" "पायात काय घालतात लोक?" मला वाटलं, पॉलिश चाललंय.

मग एका सकाळी दहिसरवाला जिन्यात दम खात मला भेटला. "चल, कॅन्टीनला चल आधी."

"काय झालं रे?"

"तुझी गोष्ट अंकात येतेय."

"झकास!"

"झकास काय, बैला! नाव सरांचं आहे. 'कोकण किनाऱ्यावरील प्रदीर्घ संशोधनावर आधारित स्वतंत्र कथा.' छापखान्यात जायचा कागद मी डोळ्यांनी बघितला. स्नेहसंमेलनात वाचणार पण आहेत, प्रमुख पाहुण्यांसमोर."

माझ्या हातातला पाव हातात राहिला. सर पनवेलच्या पुढे कधी गेले नव्हते. प्रदीर्घ संशोधन म्हणजे जिन्यातला मी.

"आणि एक सांग," दहिसरवाला म्हणाला, "तुझ्या गोष्टीत तो राजा कुठून आला? आधी नव्हता ना?"

"कसला राजा?"

"अरे, देऊळ गेलं. दरबार आहे. सिंहासनावर महाराजा बसलाय, बाजूला चवऱ्या ढाळतायत, आणि म्हातारा त्याच्यापुढे फणसाचा अर्ज घेऊन उभा आहे. लोक म्हणतात, 'येस, युवर मॅजेस्टी!'"

मला आधी कळलंच नाही. मग कळलं, आणि मी इतका हसलो की कॅन्टीनवाला बाहेर आला. 'व्हय म्हाराजा'चं मी इंग्रजीत 'येस, महाराजा' केलं होतं. समजावून सांगायचं मला सुचलंच नव्हतं. आमच्याकडे शेंबड्या पोराला ठाऊक असतं. सर गिरगावात जन्मलेले, त्यांचे आजोबाही तिथलेच. त्यांनी वाचलं महाराजा आणि देवाला उठवून तिथे राजा बसवला.

"प्रिन्सिपॉलकडे जाऊ," दहिसरवाला म्हणाला.

"आणि दाखवू काय? माझी एकच प्रत, ती सरांकडे."

"मग गप्प बसणार?"

"नाही. राजाला बसू दे," मी म्हटलं. "चांगला टेकून बसू दे."

दुसऱ्या दिवशी मीच सरांना जिन्यात गाठलं. चेहरा असा भोळा केला की मामानेही मला पाववाल्याकडे उधारी मागायला पाठवलं असतं.

"सर, आमच्याकडे महाराजा बसले की त्यांच्यावर छत्र धरतात, बरं का. रेशमी. मोत्यांच्या झालरीचं."

सरांचा चष्मा निघाला. "मोत्यांच्या?"

"हो सर. कोकणात मोती ना सर. समुद्र."

"ऑफ कोर्स. समुद्र, यू सी." टक, टक. आणि खिशातून पेन्सिल काढून त्यांनी तिथेच लिहून घेतलं. दोन दिवसांनी मी त्यांना चोपदार दिला. त्याच्या पुढच्या आठवड्यात हत्ती देणार होतो, पण हात आखडला. कोकणच्या त्या चिंचोळ्या पाणंदीतून हत्ती जाणार कसा, एवढी लाज मला होती.

संमेलनासाठी सरांना रंगमंचावर दरबार हवा होता. कॉलेजला स्वस्तात कोण करून देणार? मी मामाचं नाव सुचवलं. मामा स्टुडिओतलं जुनं सिंहासन हातगाडीवर घालून घेऊन आला, बरोबर त्याचे चार सोबती, सगळे आमच्याच बाजूचे.

"झिला, राजा खयचो?" सिंहासनाचा पाय ठोकताना मामाने विचारलं.

"आपल्या गावचो."

"आपल्या गावात राजा?"

"सरांनी शोधून काढलो."

मग मी त्याला सगळं सांगितलं. मामाने हातोडी खाली ठेवली. तो चिडला की आवाज खाली जायचा. "पॉलिश केल्यान म्हणान कपाट पॉलिशवाल्याचा जाता?" एवढंच म्हणाला, आणि बाकीच्यांना बोलावून कुजबुज केली. ते संमेलनाला विंगेत थांबणार असं ठरलं.

प्रमुख पाहुणे निवृत्त न्यायाधीश होते. गोरे, उंच, इंग्रजी एकदम स्वच्छ. ते मूळचे वेंगुर्ल्याचे, हे सरांना ठाऊक नव्हतं. मलाही नव्हतं. तेवढी देवाची कृपा.

सरांनी आधी संशोधनावर भाषण केलं. लोकजीवनात शिरल्याशिवाय साहित्य होत नाही, असं काहीतरी. मग गोष्ट वाचली. माझी वाक्यं त्यांच्या नाकातून बाहेर पडताना ऐकली तेव्हा मला कसं वाटलं ते सांगता येणार नाही. आपला शर्ट दुसऱ्याच्या अंगावर दिसावा, आणि आत त्याचं पोट मावत नसावं, तसं काहीतरी. छत्र आलं. मोती आले. चोपदार आला. विंगेत मामाचा एक सोबती खोकला.

वाचन संपलं, टाळ्या झाल्या. न्यायाधीशसाहेबांनी हळूच विचारलं, "प्रोफेसर, हा राजा कुठल्या संस्थानचा म्हणायचा?"

"अ स्मॉल प्रिन्सिपॅलिटी, सर. आता विलीन झालेली."

"अस्सं? आणि लोक 'महाराजा' म्हणतात ते त्याला?"

"एक्झॅक्टली. यू सी, फ्यूडल मन." आणि मग सरांना माझी आठवण झाली. देवाशप्पथ, मी काही केलं नाही. सरांनीच प्रेक्षकांत बोट केलं. "आमचा एक विद्यार्थी त्याच भागातला आहे. कोलोनेल! वर या. साहेबांना दाखवा, तुमचे लोक राजापुढे कशी विनंती करतात."

मी वर गेलो. दहिसरवाला मागून म्हणाला, "खा त्याला."

रिकाम्या सिंहासनासमोर हात जोडून उभा राहिलो. सर बाजूला उभे, हसरे. मी चष्मा नसताना चष्मा काढला, हनुवटीवर बोट आपटलं, टक, टक, आणि सरांच्या नाकातून सुरू केलं:

"ओ महाराजा ऑफ ट्वेल्व्ह व्हिलेजेस, यू सी…"

सगळा हॉल फुटला. पहिल्या रांगेतल्या बायकांनी पदर तोंडाला लावले. सरही हसले, पाहुणे हसत होते म्हणून. मग मी आवाज नाकातून खाली आणला. आमच्या गावकाराचा आवाज असतो तिथे, पोटात.

"बारा गावच्या, बारा येशीच्या म्हाराजा…"

"व्हय म्हाराजा!" विंगेतून मामा आणि त्याचे चारजण. असं काही दणकून की पडदा हलला.

"आज तुझो लेकरू मुंबैक इलो, इंग्रेजी शिकूक इलो…"

"व्हय म्हाराजा!" आता मागच्या बाकांवरूनही. आमच्या कॉलेजात कोकणातले किती आहेत ते मला तेव्हा कळलं.

"तेना एक गोष्ट लिवली. आपल्या हातान, आपल्या घामान…"

"व्हय म्हाराजा!"

"ती गोष्ट कोणी तरी न्हेल्यान. तेतूर आपला नाव घातल्यान. आणि म्हाराजा, तुका देवळातसून उठवून थंय राजा बसवल्यान!"

मग न्यायाधीशसाहेब, ते वेंगुर्ल्याचे, खुर्चीत पुढे झाले आणि स्पष्ट आवाजात म्हणाले, "व्हय म्हाराजा." त्यांच्या चेहऱ्यावर आता हसू नव्हतं.

"तो जो कोणी असात," मी म्हटलं, आणि मान वळवून सरांकडे बघितलं, "मी नाव घेणत नाय म्हाराजा. तेच्या तोंडातसून पुढे एक शब्द धड भायर पडू दी नको. तो बोलाक लागलो की लोकांका हसूक येवं दी!"

"व्हय म्हाराजा!" अख्खा हॉल.

सर एकटे गप्प होते. पाहुण्यांनी त्यांच्याकडे बघितलं. प्रिन्सिपॉलांनी बघितलं. मग सगळ्यांनीच बघितलं. माझ्या गोष्टीचा शेवट त्यांनी आत्ताच स्वतःच्या तोंडाने वाचला होता, तरी त्यांना तो आता कुठे कळला. ओठ हलले. "यस," ते म्हणाले. घसा साफ केला. "यस… महाराजा."

मामा मला अजून सांगतो, असला राजवाडा तो जन्मात पुन्हा बांधणार नाही.

इथे गोष्ट संपली असती तर मी हे लिहिलं नसतं.

दोन दिवसांनी सरांनी मला केबिनमध्ये बोलावलं. बाहेरच्या व्हरांड्यात कोणीतरी 'व्हय म्हाराजा' असं ओरडून पळालं. सरांनी ऐकलं नाही असं दाखवलं.

"छापताना चूक झाली होती," ते म्हणाले. "अंकात तुमचं नाव जाईल. फक्त तुमचं. सॅटिस्फाइड, कोलोनेल?"

मला वाटलं, जिंकलो. मी म्हटलं, "व्हय म्हाराजा," आणि तोंडावर हसलो. वेंधळा! छपाईआधीची मुद्रितं बघतो म्हणायला हवं होतं. पण दहिसरवाल्याला अंकाच्या कामावरून त्याच आठवड्यात काढलेलं होतं, आणि मी चाळीत पेढे वाटत होतो.

अंक आला. नाव माझं, स्पेलिंगसुद्धा बरोबर. खाली दरबार. सिंहासन. चवऱ्या. रेशमी छत्र, मोत्यांची झालर, चोपदार, सगळं मी जिन्यात दिलेलं, माझ्याच नावाखाली. आणि तळाला बारीक अक्षरात सरांची टीप: 'तरुण लेखकाची आपल्या गावाविषयीची कल्पनाशक्ती उल्लेखनीय आहे.' टक, टक. मला ऐकू आलं.

तो अंक कोणीतरी गावी नेला. शाळेत पोचला. आमच्या मास्तरांनी तो पहिल्या अक्षरापासून शेवटच्या अक्षरापर्यंत वाचला, एकही अक्षर फुकट न घालवता. आणि मुंबईला येणाऱ्या एका माणसाजवळ निरोप दिला. "त्याला म्हणावं, इंग्रजी छान आहे. पण देवळात राजा कधी आला रे? मी इथेच होतो ना."

ते वाक्य माझ्या घशाखाली उतरत नाही. फणसाच्या गऱ्यासारखं.

इंग्रजीत ती गोष्ट पुन्हा लिहून बघितली. दोनदा. म्हातारा देवळात शिरतो आणि समोर तो राजा छत्र घेऊन बसलेलाच असतो. हटत नाही. मग म्हटलं, मराठीत लिहू, आणि फणसाची नको, ही लिहू. सर मराठी वाचत नाहीत. त्यांना कोणीतरी वाचून दाखवेलच. दाखवणाऱ्याने माझी नक्कल करायला हरकत नाही.

मी आता बोरिवलीला शाळेत इंग्रजी शिकवतो. पोरांना 'आयलंड' सांगतो, आणि मग 'इसलंड'ही म्हणून दाखवतो, मास्तरांच्या आवाजात. सर अजून दुसऱ्या मजल्यावरच आहेत. ते वर्गात शिरले की मागच्या बाकावरून काय आवाज येतो ते, कॉलेजात अजून जाऊन-येऊन असलेला दहिसरवाला मला दर महिन्याला न चुकता कळवतो. तेवढं गाऱ्हाणं लागू पडलं. बाकीचं आज घालतो.

बारा गावच्या, बारा येशीच्या म्हाराजा. तुझ्या जाग्यार जो राजा बसलोहा, तो माझ्या नावान बसलोहा, पण तो माझो न्हय. ज्येचो असात त्येच्या घराक तेका धाड. त्येच्या दारात बसव, त्येच्या केबिनीत बसव, छत्रासकट. आणि माझा देऊळ माका रिकामा करून दी रे म्हाराजा.

वाचणाऱ्यांनो, गप्प काय बसलात? जो गप्प बसतो त्याच्याकडे आमच्याकडे सगळे बघतात.